स्वयंपाकघर आणि वीज : भिंत बंद होण्याआधी

(मंडळाच्या 'घर घेताना, घर सुधारताना' या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही.)



सुरुवातीलाच एक खुलासा. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'तज्ज्ञ' असं छापलं आहे, ते समितीच्या प्रेमापोटी. मी इलेक्ट्रिशियन नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचा उद्योग आयटी कन्सल्टिंगचा. पण आमचं घर आहे १९६२ सालचं. त्याचं स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं तेव्हा इलेक्ट्रिशियनच्या मागे मागे फिरून, टाऊनशिपच्या ऑफिसात खेटे घालून आणि कोडचं जाडजूड पुस्तक चाळून जे काही डोक्यात शिरलं, ते नंतर आठ-दहा मित्रांच्या घरी उपयोगी पडलं. तेच आज सांगणार आहे. भिंतीतलं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे आपल्याला ठाऊक हवं, कारण आपल्या घरात काय काय शिजतं हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

आपल्याकडे स्वयंपाकघर करायचं म्हटलं की ग्रॅनाइट की क्वार्ट्झ यावर सहा महिने चर्चा चालते. कॅबिनेटचा रंग ठरवायला चार दुकानं, आणि सिंक एक की दोन यावर तर सासू, सून आणि भारतातून व्हिडिओवर मावशी, अशी त्रिस्तरीय बैठक होते. वायरिंगला मात्र सहा मिनिटं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'कोडप्रमाणे करतो', आपण म्हणतो, 'ओके'. कोड वाईट नाही, उत्तम आहे. पण कोड म्हणजे पास होण्यापुरते मार्क. शिवाय कोड लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं ते घर सकाळी टोस्टर आणि कॉफी मशीन लावणारं. आपलं स्वयंपाकघर म्हणजे मिक्सर, कुकर आणि चहा यांचं एकाच वेळी चालणारं संमेलन.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या अगदी अंगणातला आहे. आपल्यापैकी बरेच जण एडिसनच्या आसपास राहतात. या टाऊनशिपचं नाव पूर्वी रॅरिटन होतं. मेन्लो पार्क इथलंच, म्हणून १९५४ साली ते बदलून एडिसन केलं. त्याच थॉमस एडिसनने १८८२ साली न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं आणि ११० व्होल्टच्या आसपासची वीज गिऱ्हाइकांना पुरवली. पुढे डी.सी. जाऊन ए.सी. आली, पण व्होल्टेज साधारण तिथेच राहिलं. आज ते १२० आहे. आपण भारतात वाढलो ते २३० व्होल्टवर.

याने काय फरक पडतो? वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँप, हे शाळेत शिकलोय सगळे. १५०० वॅटची किटली पुण्यात साडेसहा अँप खेचते, इथे साडेबारा. चहा तोच, अँप जवळजवळ दुप्पट. आणि वायरीत जी उष्णता तयार होते ती अँपच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या वायरीत जवळजवळ चौपट. म्हणून इथे वायरी जाड लागतात आणि सर्किटंही जास्त लागतात.

पुण्याच्या घरात १६ अँपचा पॉवर प्लग असतो, त्यावर साडेतीन हजार वॅटच्या वर चालतं. तो अंदाज आपल्या हातात इतका मुरलेला असतो की इथे आलो तरी आपण तोच घेऊन वावरतो. इथलं १५ अँपचं सर्किट म्हणजे १८०० वॅट, २० अँपचं म्हणजे २४००. बस्स. आणि ते एका सॉकेटचं नाही. भिंतीवर सहा सॉकेट दिसतात, पण सहाही बऱ्याचदा एकाच सर्किटवर माळेसारखे ओवलेले असतात. एका नळाला सहा तोट्या लावल्या म्हणून पाणी सहापट येत नाही. तेव्हा मंडळी, सॉकेट मोजू नका, सर्किट मोजा.

आम्ही आयटीवाले सर्व्हर घेताना सरासरी लोड बघत नाही, पीक लोड बघतो. स्वयंपाकघरालाही तेच लावा. आपला पीक म्हणजे दिवाळीच्या आधीचा शनिवार. इन्स्टंट पॉटमध्ये वरण लागलंय, हजार वॅट. पाहुणे आले म्हणून किटली लावली, पंधराशे. झाले अडीच हजार, म्हणजे २० अँपचं सर्किट इथेच ओलांडलं. तेवढ्यात कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवतं. पाकिटावर हजार वॅट लिहिलेला मायक्रोवेव्ह भिंतीतून साधारण पंधराशे खेचतो. झाले चार हजार, म्हणजे ३३ अँप. खट्! ब्रेकर पडला. आजोबा टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये, आणि वहिनी वरून विचारताहेत, 'आला का?'

ब्रेकर पडला तर वैताग येतो, पण तो पडला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. खरी काळजी करायची ती न पडणाऱ्या ब्रेकरची. ब्रेकर काही सुरी नाही, की २० वर एक अँप चढला की लगेच कापलं. भार दुप्पट झाला तर तो लवकर पडतो. पण थोडासाच जास्त असेल तर कितीतरी वेळ तसाच तग धरून राहतो. आणि त्या वेळात भिंतीतली वायर आणि विशेषतः तिचे जोड तापत राहतात. नव्या, घट्ट जोडाला त्याचं फार काही वाटत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या, सैल झालेल्या जोडाला वाटतं.

एका परिचितांच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं. ओट्याच्या कडेचा एक सॉकेट आधीच्या मालकाने बैठकीच्या खोलीच्या सर्किटवरून ओढून आणलेला होता, १५ अँपचा. त्यावर रोज सकाळी किटली आणि मिक्सर. मिळून साधारण १९ अँप होतात, पण मिक्सर मिनिट-दोन मिनिटंच चालतो, त्यामुळे ब्रेकर कधी पडलाच नाही. घरात अधूनमधून मासळी जळाल्यासारखा वास यायचा. घर शुद्ध शाकाहारी! त्यांना वाटलं शेजाऱ्यांकडून येतोय. प्लॅस्टिक तापलं की असा वास येतो, हे लक्षात ठेवा. सॉकेट उघडला तर मागची बाजू तपकिरी झालेली आणि वायरीवरचं आवरण बोटाने उचलून निघत होतं. मागे लाकडाची चौकट होती. तिलाही डाग पडायला सुरुवात झाली होती. त्याच भिंतीच्या पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी झोपते.

सॉकेट असा जळायचं आणखी एक कारण असतं. घाईत काम करणारे लोक वायर स्क्रूखाली आवळत नाहीत, मागच्या भोकात नुसती खुपसून देतात. स्वयंपाकघरात सगळीकडे स्क्रूखालीच जोड द्या, असं इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा. तो हसेल, पण करेल.

आता एक 'उपाय' सांगतो जो कधीही करू नका. ब्रेकर सारखा पडतो म्हणून हँडीमॅन पॅनेलमधला १५ चा ब्रेकर काढून २० चा लावून देतो. दहा मिनिटांचं काम, आणि ब्रेकर पडायचा थांबतो. सगळे खूष. पण ब्रेकर हा वायरीच्या जाडीला बांधलेला असतो. १४ गेजच्या वायरीला १५ अँप, १२ गेजला २०, १० गेजला ३०. (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हा उलटा प्रकार कोणाच्या डोक्यातून आला देव जाणे.) १४ गेजवर २० चा ब्रेकर म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी वाजते म्हणून ती काढून तिथे बूच मारण्यासारखं. अलीकडच्या घरांत बेसमेंटच्या छतावर केबल दिसतात, त्यांच्या रंगावरून जाडी कळते. पांढरी १४, पिवळी १२, नारिंगी १०. जुन्या घरांत मात्र रंगावर विसंबू नका.

बरं, मग आखणी करायची कशी? मी सांगतो ती रीत अगदी घरगुती आहे. एक कागद घ्या, त्यावर ओट्याचा नकाशा काढा. मग एका शनिवारी सकाळी नुसतं बघत बसा, कोणती वस्तू कुठे चालते आणि तिच्याबरोबर दुसरं काय चालतं. प्रत्येक वस्तूच्या खाली किंवा पाठीमागे वॅट लिहिलेले असतात, ते टिपून घ्या. एअर फ्रायर पंधराशे ते सतराशे, टोस्टर ओव्हन पंधराशेच्या पुढे, टेबलावरची इंडक्शन शेगडी अठराशे, मिक्सर साडेपाचशे ते साडेसातशे, राइस कुकर पाच-सातशे. एक गोष्ट चटकन लक्षात येईल. जे जे तापवतं ते ते खातं. नुसतं फिरणारं त्यामानाने कमी खातं, फक्त सुरू होतानाचा झटका मोठा असतो. तापवणाऱ्या दोन वस्तू एका सर्किटवर येता कामा नयेत. सगळी आखणी याच एका गोष्टीसाठी आहे.

कोडप्रमाणे ओट्यावरच्या वस्तूंसाठी २० अँपची किमान दोन सर्किटं लागतात. तीच जेवणाच्या खोलीला आणि पॅन्ट्रीलाही पुरवायची असतात. दिवे त्यांवर चालत नाहीत. ओट्याच्या भिंतीवर कुठलीही जागा सॉकेटपासून २४ इंचांपेक्षा लांब नको, म्हणजे साधारण दर चार फुटांना एक सॉकेट. हा नियम एक्स्टेंशन कॉर्ड लागू नये म्हणूनच आहे. वस्तूंच्या वायरी दोन-दोन फुटांच्या आखूड असतात, त्यामागेही हाच विचार.

पण खरी मेख पुढेच आहे. कॉन्ट्रॅक्टर सोय म्हणून सिंकच्या डावीकडे एक सर्किट आणि उजवीकडे दुसरं देतो. आणि आपला सगळा कारभार असतो एकाच बाजूला! किटली, इन्स्टंट पॉट, मिक्सर सगळे शेगडीच्या उजवीकडे, आणि डावीकडे फळांची परडी. म्हणजे दोन सर्किटं असून एकच वापरात. त्यापेक्षा एकाआड एक सॉकेट वेगवेगळ्या सर्किटवर द्यायला सांगा. शेजारच्या दोन सॉकेटमध्ये किटली आणि पॉट लावले तरी भार आपोआप वाटला जातो, कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. भिंत उघडीच असते, तेव्हा वायर थोडीशीच जास्त लागते. भिंत बंद झाल्यावर हेच करायचं तर टाइल्स फोडाव्या लागतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या घराला दोन पुरत नाहीत. ओट्याला तीन द्या, जमलं तर चार. मायक्रोवेव्हला त्याचं स्वतंत्र, डिशवॉशरला स्वतंत्र. फ्रिजलाही स्वतंत्र द्या, म्हणजे किटलीच्या भांडणात फ्रिज बंद पडून दोन दिवसांनी दुधाला वास येणार नाही.

शेगडीचं तर वेगळंच राज्य. आज गॅस असला तरी उद्या इंडक्शनवर जायचा विचार असेल, तर आताच तिथे २४० व्होल्टचं ५० अँपचं सर्किट ओढून ठेवा. हो, २४० व्होल्ट इथेही असतात. घरात १२० च्या दोन तारा येतात, त्या दोघींच्या मध्ये २४० मिळतात. शेगडीच्या सॉकेटला आता चार तारा असायला हव्यात. १९९६ च्या कोडआधीच्या घरांत तीन असायच्या, आणि न्यूट्रललाच अर्थिंगचं कामही करावं लागायचं. स्वयंपाकघर उघडलंच आहे तर ते बदलून घ्या.

आता माणसांच्या सुरक्षिततेकडे येऊ. इतका वेळ बोललो ते वायरीच्या सुरक्षिततेबद्दल होतं. २० अँपचा ब्रेकर वायर वाचवतो, तुम्हाला नाही. छातीतून अँपचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय बंद पडू शकतं. ब्रेकरला त्याची दादही नसते. माणसासाठी जी.एफ.सी.आय. असतो, 'टेस्ट' आणि 'रिसेट'ची बटणं असलेला सॉकेट. जेवढी वीज गेली तेवढी परत आली का, हे तो सतत मोजत असतो. चार ते सहा मिलिअँपचा जरी फरक पडला, म्हणजे थोडी वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असेल, तर तो क्षणाच्या छोट्याशा भागात तोडतो. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ साली हे यंत्र शोधलं. माझ्या मते घराघरात फोटो लावावा असा माणूस. ओट्यावरच्या सगळ्या सॉकेटना हे संरक्षण हवंच, आणि कोडच्या अलीकडच्या आवृत्तीत तर स्वयंपाकघरातल्या सगळ्याच. कोड दर तीन वर्षांनी बदलतो, तुमच्याकडे कुठली आवृत्ती लागू आहे ते टाऊनशिपला विचारा. महिन्यातून एकदा 'टेस्ट' दाबून बघा. भाडं किंवा मॉर्गेज भरायची तारीख आणि ही तारीख एकच ठेवा.

हे सगळं सांगण्यामागे मनात आहेत ते सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. आपल्या वयाच्या माणसाला इथल्या सॉकेटची सवय झालेली असते. आईला नसते. भारतात प्रत्येक सॉकेटला शेजारी स्विच असतो. मिक्सर झाला की स्विच बंद, मग भांडं काढायचं, ही तिची पन्नास वर्षांची शिस्त. इथे सॉकेटला स्विचच नाही! ती स्विच शोधते, सापडत नाही, मग मिक्सर तसाच लावलेला राहतो, किंवा ओल्या हाताने वायर धरून प्लग ओढला जातो. मिक्सरच्या कोपऱ्यात एक जादा सॉकेट स्विचसकट बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे. आमच्याकडे बसवला तेव्हा आईने पहिल्याच दिवशी त्याला 'माझा प्लग' असं नाव दिलं.

दुसरं, बेटाबद्दल. म्हणजे मधल्या आयलंडबद्दल. पूर्वी आयलंडच्या बाजूला, ओट्याच्या पातळीखाली सॉकेट देत असत. २०२३ च्या कोडने ते बंद केलं. तिथे लावलेल्या वस्तूची वायर बाहेरच्या बाजूला लोंबते, रांगतं मूल ती ओढतं आणि वरचं भांडं अंगावर येतं. आपल्या घरात वरच्या भांड्यात काय असतं? उकळती आमटी. तुमच्या जुन्या आयलंडला असे सॉकेट असतील आणि घरात नातवंडं असतील, तर त्यांवर गरम वस्तू लावायचं बंद करा.

ठिणगी ओळखणारा ब्रेकर, ए.एफ.सी.आय., हाही २०१४ पासून स्वयंपाकघराला लागू झाला. सैल जोडात किंवा चेपलेल्या वायरीत बारीक ठिणग्या उडत असतील तर तो तोडतो. त्याची एक खोड आहे. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशांच्या ठिणग्या उडतच असतात, आणि काही जुने ब्रेकर त्यांनाच चोर समजतात. चटणी वाटायला घेतली की अंधार! तो ब्रेकर काढून साधा लावू नका. नव्या पिढीचा लावा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

मिक्सरचा विषय निघालाच आहे तर ट्रान्सफॉर्मरचं बोलू. लग्नात मिळालेला मिक्सर बॅगेतून आणायचा आणि इथे १२० चे २३० करणाऱ्या ठोकळ्यावर चालवायचा, ही आपली जुनी परंपरा. भावना समजतात, पण हिशेब बघा. साडेसातशे वॅटच्या मिक्सरला निदान पंधराशे वॅटचा ठोकळा लागतो, कारण सुरू होताना मोटर कितीतरी जास्त खेचते. लोक घेतात पाचशेचा, तो तापतो, गुरगुरतो. शिवाय त्यातल्या काहींना इथला दोन पिनांचाच प्लग असतो, म्हणजे मिक्सरची तिसरी, अर्थिंगची पिन कुठेच पोचत नाही. काही ठोकळे आतून वीज पूर्ण वेगळी करतात, मग भिंतीतल्या जी.एफ.सी.आय.ला पलीकडची गळती दिसतही नाही. ११० व्होल्टचे, खास इथल्यासाठी बनवलेले भारतीय मिक्सर आणि वेट ग्राइंडर आता आपल्या दुकानांत मिळतात. ते घ्या. आईचा मिक्सर फडताळात आठवण म्हणून ठेवा.

आणि आता गॅरेज! हसू नका. मला माहीत आहे, या हॉलमधल्या निम्म्या घरांत दिवाळीचं तळण गॅरेजमध्ये होतं. घरात वास नको, स्मोक अलार्म नको. टेबलावर इंडक्शन शेगडी, त्यावर कढई, चकल्या, अनरसे, शंकरपाळे. आता वायर कुठून येते बघा. जुन्या घरांत गॅरेजचा सॉकेट बऱ्याचदा बाथरूम आणि अंगणातल्या सॉकेटबरोबर एकाच जी.एफ.सी.आय.वर असतो. त्यावर आधीच दुसरा फ्रिज किंवा फ्रीझर. त्यात अठराशे वॅटची शेगडी, म्हणजे एकटीच १५ अँप. वर कोणी हेअर ड्रायर लावला की शेगडी बंद. ते एक वेळ परवडलं. पण त्याच वेळी फ्रीझरही बंद झाला हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चार दिवसांनी वर्षभराच्या खोवलेल्या नारळाचं पाणी जमिनीवर दिसतं.

त्याहून वाईट म्हणजे एक्स्टेंशन कॉर्ड. हार्डवेअरच्या दुकानातली पातळ, १६ गेजची कॉर्ड साधारण १३ अँपची असते. तिच्यावर १५ अँपची शेगडी तीन तास, आणि कॉर्ड गुंडाळून ठेवलेली, म्हणजे उष्णतेला जायला वाट नाही. वर उकळतं तेल, शेजारी गाडी, कोपऱ्यात लॉनमोअरसाठी पेट्रोलचा डबा. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर बोलायलाच नको. माझा सल्ला विचाराल तर तळण गॅरेजमध्ये करूच नका. स्वयंपाकघर नवं करताना धूर खरोखर घराबाहेर टाकणारी चिमणी बसवा. मायक्रोवेव्हखालची, धूर फिरवून परत तोंडावर सोडणारी नव्हे. घराला वास लागू नये म्हणून गॅरेज गाठायचं, ही खरी अडचण चिमणीची आहे, ती वायरीने सुटायची नाही.

पॅनेलचं थोडक्यात सांगतो. जुन्या घरांत १०० अँपचं पॅनेल असतं. कोडमध्ये पूर्ण घराच्या भाराचा हिशेब आहे. दोन हजार चौरस फुटांच्या घराला, दर फुटाला तीन वॅटप्रमाणे, सहा हजार; ओट्याच्या दोन सर्किटांचे तीन हजार, लाँड्रीचे दीड, इलेक्ट्रिक रेंज बारा, ड्रायर पाच, डिशवॉशर सव्वा, मायक्रोवेव्ह दीड. झाले साधारण तीस हजार. सगळं एकदम चालत नाही, म्हणून पहिले दहा हजार पूर्ण धरायचे आणि उरलेल्याचे चाळीस टक्के. होतात अठरा हजार. त्यात एअर कंडिशनरचे पाच. तेवीस हजार भागिले २४० म्हणजे ९६ अँप. १०० चं पॅनेल काठोकाठ भरलं, आणि गाडी चार्ज करायचं अजून धरलेलंच नाही. तेव्हा स्वयंपाकघर आणि इलेक्ट्रिक गाडी एकाच दशकात घ्यायची असेल तर हा हिशेब इलेक्ट्रिशियनकडून आधी मांडून घ्या.

घर साधारण १९६५ ते १९७३ मधलं असेल तर आणखी एक तपासा. त्या काळात तांबं महाग झाल्याने बऱ्याच घरांत अॅल्युमिनियमची वायर घातली गेली. तिचे जोड काळानुसार सैल होतात आणि तापतात. घाबरून घर विकू नका. जोड दुरुस्त करायच्या मान्य पद्धती आहेत, पण त्या माहीत असलेला इलेक्ट्रिशियन शोधा. आणि त्याही आधीच्या घरांत दोन पिनांचे सॉकेट असतील, तर तीन पिनांचा प्लग घुसवायला मिळणारा तो छोटा करडा अडॅप्टर वापरू नका. अर्थिंगची तार नसली तरी तिथे जी.एफ.सी.आय. बसवता येतो. त्यावर 'अर्थिंग नाही' अशा अर्थाची पट्टी लावावी लागते, पण माणूस वाचतो.

जाता जाता पुण्या-मुंबईच्या घराबद्दल. आपल्यातले पुष्कळ जण इथून पैसे पाठवून आई-बाबांचं स्वयंपाकघर 'मॉड्युलर' करून देतात. तिथे वायरिंग बऱ्याचदा सुताराच्या सोयीने होतं. फोनवर तीनच गोष्टी विचारा. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपचा आर.सी.सी.बी. आहे का, तो आपल्या जी.एफ.सी.आय.चा भाऊ. पॉवर प्लगना निदान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आहे का. आणि अर्थिंग नुसतं सॉकेटच्या तिसऱ्या भोकापर्यंत आहे की खरंच जमिनीपर्यंत पोचतं, हे मीटरने तपासलं का. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवायचा कन्व्हर्टर घरात दिसला तर पुढच्या फेरीत तो गुपचूप बॅगेत घालून घेऊन या. आणि इथला इन्स्टंट पॉट भेट म्हणून तिकडे नेऊ नका. १२० चा पॉट २३० वर लावला तर वरण व्हायच्या आत पॉटच होतो.

शेवटी कागदपत्रं. परमिट काढा. 'परमिट नको, स्वस्तात करतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. परमिट म्हणजे भिंत बंद होण्याआधी टाऊनशिपचा इन्स्पेक्टर येऊन उघड्या वायरी बघतो. एवढ्या फीमध्ये दुसऱ्या माणसाची नजर मिळते. आणि तो गेला, शीटरॉक लागायचं बाकी आहे, त्या संध्याकाळी फोन घेऊन प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी देवघराची फळी ठोकायची असेल तेव्हा खिळा वायरीत जाणार नाही. पॅनेलच्या दारावर प्रत्येक ब्रेकरचं नाव लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, सोबत इंग्रजीतही असू द्या. 'किचन १', 'किचन २' नको. 'शेगडीच्या उजवीकडचे दोन सॉकेट' असं लिहा. आपण ऑफिसात असताना ब्रेकर शोधायला जातात ते आजोबाच.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांनी घराच्या पॅनेलचे फोटो आणले आहेत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या, एकेक करून बघू.